पिवळ्या कॅनमधलं करंजेल

मी एक जुना पिवळा कॅन आहे. डबडं नव्हे, पिंप नव्हे, कॅन! मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, आणि तिथे येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला "ते डबडं सरकव रे जरा" म्हणतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. पण बोलणार कोण? माझं तोंड लहान, पोट मोठं आणि झाकण घट्ट. पोटातली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आज सांगतो, कारण आता मी थकलो आहे. उन्हानं अंगाला बारीक भेगा पडल्या आहेत, पिवळा रंग ताकासारखा फिका झाला आहे, आणि पाण्याशिवाय माझ्यात कुणी काही भरत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या प्लॅस्टिकची मऊ नळी साच्यात धरली, आत जोरात हवा फुंकली आणि मी फुगलो. फुंकर मारून जन्माला आल्यामुळे असेल, स्वभाव जरा फुगीरच आहे माझा. दुकानात आम्ही तीन रंगांची भावंडं रांगेत मांडलेली होतो. लाल पेट्रोलसाठी, निळं पाण्यासाठी आणि पिवळं डिझेलसाठी. दर्यावर फिरणारी माणसं हे रंग पाळतात. घाईगर्दीत तहानेला भलतंच काही पिऊन बसू नये, एवढाच त्यातला हिशोब.

मला विकत घेतलं यशराजनं. महाडच्या खोऱ्यातलं त्याचं घर चांगलं शेतीवाडीचं. भाताची खाचरं, आंब्याची कलमं, महाडला पंप आणि मोटारी दुरुस्त करायचा कारखाना. सगळं यथास्थित असताना त्याला होडीचं वेड लागलं. लाकडाची, शिडाची, आत झोपायला दोन बाकडी असलेली होडी त्यानं घेतली, तिला इंजिन बसवलं आणि आपल्या आजीचं नाव दिलं: आवडी. सावित्रीच्या खाडीत, दासगावला ती बांधलेली असे. समुद्रावर जायचं तर आंबेतच्या पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी पाडावी लागायची.

दासगावची माणसं सुरुवातीला काठावर येऊन विचारायची, मासे किती मिळतात? यशराज सांगायचा, मासे धरत नाही, फिरायला जातो. मग ती एकमेकांकडे बघायची. मासे धरणाऱ्या होडीला डिझेलवर सरकारची सूट मिळते, हौसेच्या होडीला ती नाही. म्हणजे हा गडी पुरा कर भरून डिझेल जाळतो आणि रिकाम्या हातानं परत येतो! हौसेला मोल नसतं, असं म्हणत ती निघून जायची.

यशराजच्या जोडीला होता दीपेश. आमच्या या वाडीतल्या राहीबाईचा मुलगा. मुंबईत लाँचच्या इंजिनावर त्याचा हात बसला होता, म्हणून यशराजनं त्याला होडीवर घेतलं. पोरगा कामाला वाघ. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचा. पण यशराजचे शिकलेसवरलेले मित्र होडीवर आले की याची दातखिळी बसायची. वाडीचं, शेताचं, आईचं नाव तोंडातून निघायचं नाही. आपण बोललो तर "नाय" आणि "हाय" बाहेर पडेल, ही त्याला धास्ती. मला तर हसूच यायचं. अरे, मी प्लॅस्टिकचा असून माझ्या रंगाची मला लाज नाही, आणि तू?

यशराज हौशी होता, पण नियमाला पक्का. दुसऱ्या देशाच्या बंदरात पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा त्यानं दीपेशला समोर बसवलं. प्रत्येक देशाचा डिझेलवरचा कर वेगळा असतो, हे त्यानं समजावून सांगितलं. कुठे ते स्वस्त, कुठे महाग. कुठे तर कमी कराच्या डिझेलात मुद्दाम रंग घालतात, म्हणजे ते भलत्या टाकीत गेलं तर चोरी लगेच उघडी पडते. लबाड माणसं स्वस्त देशातून डिझेल भरून नेतात आणि महाग देशात खपवतात. म्हणून होडी बंदराला लागली की अधिकारी आधी तेल बघतात.

"हे बघ दीपेश," तो म्हणाला, "टाकीतलं डिझेल म्हणजे जेवून निघालेल्या माणसाच्या पोटातला घास. त्याला कोणी कर लावत नाही. पण कॅनमधलं डिझेल म्हणजे डोक्यावरचं गाठोडं. ते सोडून दाखवावं लागतं. आपल्याला गाठोडं नकोच. बंदर यायच्या आधी सगळे कॅन टाकीत ओतायचे."

दीपेशनं मान हलवली, आणि तेव्हापासून ते काम कधी चुकवलं नाही. पलीकडचा किनारा दिसायला लागला की तो मला उचलायचा, टाकीत रिकामा करायचा, वर टिचकी मारून बघायचा. अधिकारी यायचे, मला हलवायचे, पोकळ आवाज ऐकून पुढे जायचे. रिकामं असण्याचाही एक मान असतो, मित्रांनो. तो मी दोन-तीन देशांत मिरवला आहे.

आता माझ्या गोष्टीचं खरं वळण आलं. पावसाळ्याच्या तोंडावर होडी काठावर ओढून ताडपत्रीखाली ठेवली. माझ्यात थोडं डिझेल उरलं होतं. यशराजनं दीपेशला सांगितलं, घेऊन जा, तुमच्याकडे नांगरणीच्या कामाला येईल. तसा मी एसटीतून पोलादपूरला आलो, तिथून दीपेशच्या खांद्यावर बसून वाडीत. सोनबा म्हणून शेजारी आहे, त्याचा पॉवर टिलर माझ्या डिझेलवर राहीबाईच्या खाचरात फिरला. चिखल अंगावर उडाला, पण मजा आली. खाऱ्या पाण्याचा प्राणी मी, पहिल्यांदाच गोडा चिखल बघत होतो.

काम झालं. मी रिकामा झालो. आता मला तसाच परत न्यायचा, एवढंच दीपेशच्या डोक्यात. पण राहीबाईच्या डोक्यात दुसरंच. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी भरून आलं, ते रिकामं परत करायचं? आमच्याकडे तसं करत नाहीत. वाटी आली तर निदान चिमूटभर साखर घालून परत जाते. आणि हा तर दहा लिटरचा कॅन!

राहीबाईचं माहेर दासगावचं. तिच्या बापाची तर होती, म्हणजे खाडीपार माणसं नेणारी नाव. दरवर्षी पाऊस सरला की तिचा बाप तरीच्या लाकडाला करंजेल चोळायचा. करंजाच्या बियांचं तेल ते. कडू, उग्र वासाचं. पण त्यानं लाकूड तडकत नाही आणि कीड तोंड लावत नाही. आता आपला लेक लाकडाच्या होडीतून समुद्रावर जातो, हे ऐकल्यापासून त्या माउलीच्या डोक्यातून ती होडी जात नव्हती. तिनं होडी कधी पाहिली नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की लाकूड आहे, आणि लाकडाला करंजेल लागतं.

शिमग्यानंतर वेचून वाळवलेल्या बिया तिच्याकडे होत्याच. आणखी चार घरच्या बायकांकडून तिनं बिया मागून आणल्या आणि महाडच्या घाण्यावर नेऊन तेल काढून घेतलं. मला राखेनं घासलं, कढत पाण्यानं खंगाळलं आणि उन्हात उलटं घातलं. तरी डिझेलचा वास काही पुरता गेला नाही, तो आमच्या हाडामासातच असतो. मग तिनं मला तोंडापर्यंत भरलं आणि झाकणावर फडकं बांधलं.

त्या पावसात डोंगरावर फार पाणी पडलं. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून इथली माणसं जोराच्या पावसात वर थांबत नाहीत. राहीबाईही खाली पोलादपूरला नात्यातल्यांकडे गेली. निघताना तिनं बियाण्याचं गाठोडं घेतलं, कपडे घेतले आणि मला घेतलं. घरची पितळेची घागर मात्र मागे ठेवली. कुणी तरी विचारलं, डबडं कशाला गो वाहतेस? (बघा, पुन्हा डबडं!) ती म्हणाली, घागर माझी हाय, ह्ये दुसऱ्याचं हाय. एवढ्या वजनाचा मी, तिच्या कडेवर बसून चिखलातून खाली उतरलो. इतक्या मानानं मला कधी कुणी नेलं नव्हतं.

मार्गशीर्षात होडी पुन्हा पाण्यात गेली. दीपेश मला घ्यायला आला तेव्हा राहीबाईनं बजावून सांगितलं, यशराजदादाला सांग, आयनं तेल धाडलंय, होडीला लाव म्हणावं. दीपेश हो म्हणाला. वाटेत कशेडी घाटातून उतरणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, तेवढ्या वेळात त्यानं मला दोनदा उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. मी तेव्हाच ओळखलं, याच्या मनात काहीतरी शिजतंय.

दासगावला होडीवर पोहोचलो तर तिथे यशराज वॉर्निशचे चकचकीत डबे मांडून बसला होता. परदेशी लेबलं, मऊ ब्रश, सगळा थाट. दीपेशच्या हातातला मी, अंगाला राखेचे ओरखडे, तोंडाला फडकं, आणि वास तर विचारूच नका. दीपेश होडीच्या काठाशीच थबकला. मग मला घेऊन तो गुपचूप पुढच्या टोकाला गेला आणि शिडाच्या जुन्या कापडाखाली मला सरकवलं. पुढे कधीतरी सांगू, असं त्याच्या मनात असेल. पण मित्रांनो, सांगायची गोष्ट एकदा कापडाखाली गेली की रोज तिचं वजन वाढतं.

मुंबईहून रीतसर परवानगी घेऊन आम्ही समुद्रापलीकडच्या देशाकडे निघालो. वारा चांगला होता. दिवसभर शीड फुगलेलं, इंजिनाला आराम. दीपेश कामात असला की खूश दिसायचा, पण पुढच्या टोकाकडे यायचं झालं की दुसऱ्या बाजूनं वळून जायचा. किनारा दिसायला लागला तेव्हा त्यानं बाकीचे कॅन टाकीत ओतले, वर टिचक्या मारल्या. माझ्याकडे मात्र आला नाही. मी डिझेल थोडाच होतो? माझ्या पोटात तर आईचं तेल. त्याचा काय संबंध कस्टमशी, असंच त्याला वाटलं असणार.

बंदरातल्या अधिकाऱ्याला यशराजनं नेहमीप्रमाणे सांगितलं, टाकीत इतकं डिझेल आहे, सुटे कॅन सगळे रिकामे आहेत. तसं लिहून सहीही केली. दीपेश शेजारीच उभा होता. त्याच्या कानावर ते शब्द पडले आणि तो गप्प राहिला.

अधिकारी वयानं मोठा होता, शांत माणूस. मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं सावकाश सगळी होडी पाहिली. शिडाचं कापड उचललं, आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर आलो. पिवळा, डिझेलचा कॅन, काठोकाठ भरलेला. माझं झाकण उघडून त्यानं वास घेतला. डिझेलचा वास होताच, त्याखाली आणखी भलतंच काहीतरी. त्यानं पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकले. तांबूस पिवळा डाग पसरला. हा रंग त्याच्या माहितीतल्या कुठल्याच देशाच्या डिझेलाचा नव्हता. तो पुन्हा पुन्हा कागद उजेडात धरून बघत होता. माझ्या पोटातला रंग ओळखीचा कसा असणार? तो आमच्या घाण्याचा रंग होता.

त्यानं यशराजला विचारलं, हे काय आहे? यशराज खरंच गोंधळला. मला माहीत नाही म्हणाला. कोणतं तरी जुनं तेल राहून गेलं असावं, आमच्या कामाचं नाही, ओतून टाकतो.

अधिकाऱ्यानं मान डोलावली. धक्क्यावर खराब तेलासाठी मोठं पिंप ठेवलेलं होतं. तिकडे बोट करून तो म्हणाला की चुकून राहिलं असेल तर त्यात ओता, मी समज देऊन सोडतो. पण माहीत असून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. बिनकराचं इंधन लपवून आणलं असं होईल, होडी अडकेल, आणि या मालकाला पुन्हा आमच्या बंदरात येऊ द्यायचं का, त्याचाही विचार करावा लागेल.

किती सोपं झालं होतं बघा! दीपेशनं फक्त गप्प राहायचं होतं. होडी सुटणार, नोकरी राहणार, यशराजला कधी कळणारही नाही. त्यानं मला उचललं, फळीवरून धक्क्यावर नेलं आणि पिंपापाशी उभा राहिला. झाकण उघडलं. करंजेलाचा वास वर आला. आपल्या वाडीचा वास, चुलीपुढच्या हातांचा. त्यानं मला थोडं तिरपं केलं. पहिली धार माझ्या ओठाशी आली. मला पोट आहे, काळीज नाही, असं लोक म्हणतात. पण त्या घडीला माझ्यात काहीतरी हललं हे खरं.

त्यानं मला सरळ केलं आणि खाली ठेवलं.

"नाय," तो म्हणाला. हिंदी नाही, शुद्ध मराठी नाही, जे तोंडात आलं ते. "ह्ये मी वतणार नाय. माझ्या आयनं दिलंय. मला ठावूक व्हतं. मीच ठेवलं."

यशराजचा चेहरा पांढराफटक पडला. अधिकाऱ्याला भाषा कळली नव्हती, पण दोघांच्या तोंडावरून सगळं कळलं. त्यानं होडीची दोरी सोडू नका म्हणून सांगितलं, आणि दीपेशला बसवून एकेक गोष्ट विचारू लागला. दीपेशनं जमेल तशा हिंदीत सांगितलं. कॅन कुणाचा, रिकामं भांडं परत का देत नाहीत, तेल कशाचं, ते लाकडाला का चोळतात. शेवटी अधिकाऱ्यानं विचारलं, मग लपवलं कशाला? तो खाली बघून म्हणाला, लाज वाटली.

यशराजला राग आवरेना. इतकी वर्षं जपलेलं त्याचं नाव एका घटकेत धुळीला मिळालं होतं. तो मोठ्यानं ओरडला नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. पण जे बोलला ते ओरडण्याहून वाईट होतं.

"मी खोटी सही केली, आणि तू शेजारी उभा राहून ऐकलंस. एक शब्द बोलायचा होता, दीपेश. गावी पोचलो की तू तुझ्या वाटेनं जा."

दीपेशनं माझं झाकण घट्ट लावलं. हे तेल आपल्या आईनं कसं जमवलं हे त्याला माहीत होतं, आणि यशराज खोटं बोलत नाही हेही.

अधिकारी मात्र बराच वेळ तो कागदावरचा डाग बघत बसला होता. शेवटी त्यानं सांगितलं की तेल कशाचं आहे यावर आमचा कर ठरत नाही, ते कशासाठी वापरता यावर ठरतो. इंजिनात घातलंत तर बियांचं तेलसुद्धा इंधनच, त्याला कर आहे. लाकडाला लावलंत तर ते इंधन नाही. तुम्ही म्हणता लाकडासाठी आहे. मग लावून दाखवा. सूर्य बुडायच्या आत मी परत येतो. तोवर कॅन रिकामा व्हायला हवा, आणि टाकीतलं माप आता आहे तेवढंच राहायला हवं.

त्यानं टाकीचं माप घेतलं, टाकीच्या झाकणाला सील लावलं आणि निघून गेला.

दीपेशनं आपला जुना सदरा फाडला आणि कामाला लागला. आधी मागची बाकं, मग सुकाणूचा दांडा, मग डोलकाठी. वरचं वॉर्निश उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं पापुद्रे धरून सुटलं होतं. ते नखानं खरवडायचं आणि उघड्या लाकडावर तेल चोळायचं. लाकूड तहानलेलं होतं. हात फिरला की तेल आत जायचं, पुन्हा मागायचं. मी दर वेळी थोडा हलका होत होतो. यशराज धक्क्यावर पाठ फिरवून बसला होता.

दुपार कलली तरी अर्ध्याहून जास्त होडी बाकी होती. एकट्याच्यानं होणारं काम नव्हतं ते. यशराजनं मान वळवून पाहिलं. दीपेशचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते, आणि डोळ्यांत गेलेलं तेल पुसायला त्याच्याकडे कोरडी जागा उरली नव्हती. यशराज उठला. एक फडकं घेतलं, माझ्यात बुडवलं आणि खालच्या फळ्यांना लागला. कुठे दाबून चोळायचं, कुठे हलक्या हातानं, हे दीपेशनं एकदा दाखवलं. मग दोन्ही फडकी फिरत राहिली.

सूर्य बुडता बुडता अधिकारी आला. टाकीचं सील पाहिलं, माप पाहिलं. बाकावर तळहात फिरवला आणि वास घेतला. मग मला उलटं केलं. थेंबसुद्धा पडला नाही. यशराजला त्यानं स्पष्ट ऐकवलं की लिहून दिलेलं चूक होतं, ते तुम्ही दुरुस्त करून द्या, आणि पुढच्या वेळी होडीवर काय काय आहे ते सोबतच्या माणसाला विचारून मग सही करा. यशराजनं मान खाली घालून ते ऐकलं. दोरी सोडायची परवानगी मिळाली.

परतून दासगावला होडी लागली. दीपेशनं आपलं सामान पिशवीत भरलं, कारण त्याला यशराजचं ते वाक्य आठवत होतं. मला उचलून तो निघाला, तर यशराज म्हणाला, थांब, मीही येतो. तसे आम्ही तिघं वाडीत आलो. फाल्गुनाचे दिवस होते. करंजांच्या खाली वाळलेल्या शेंगांचा सडा पडला होता.

राहीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. एवढा मोठा माणूस दारी आलेला पाहून ती गडबडली, पदर सावरला, पाणी आणलं. यशराज ओट्यावरच बसला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "राहीकाकी, या शेंगा वेचायला माणसं लागत असतील ना? पुढच्या पावसानंतर दीपेशला आणि मला होडीला पुन्हा तेल लावायचंय."

दीपेशनं एकदम वर पाहिलं. त्याची पिशवी अजून खांद्यालाच होती. ती त्यानं खाली ठेवली. सगळं निभावलं होतं. आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. राहीबाईला काही माहीत नव्हतं, आणि यशराज सांगणार नव्हता. पण एकदा गप्प राहून काय होतं ते त्यानं पाहिलं होतं.

"आय," तो म्हणाला, "तुझं तेल मी दादाला सांगितलंच नव्हतं. लपवून ठेवलं व्हतं. चार लोकांत लाज वाटली मला."

राहीबाईची बोटं तांदळात थांबली.

"लाज कुणाची रे? तेलाची का माझी?"

दीपेश तिच्याशेजारी खाली बसला. यशराज अंगणाकडे बघू लागला. मग राहीबाईनंच सूप पुढे ओढलं, एक खडा वेचून बाहेर टाकला आणि ती हळूच म्हणाली, "तेलाचीच वाटली असंल. वास लय मारतो त्याला."

मित्रांनो, मी अनेक बंदरं पाहिली, पण एवढं मोठं मन कुठे पाहिलं नाही. यशराजनं मला त्याच घरी ठेवून दिलं. आता मी दाराशी बसून पाणी साठवतो. मला उन्हात टाकू नका, तडकतो. माझ्यात काय भरलंय ते वरून लिहून ठेवत जा, आणि आधी डिझेल भरलेल्या कॅनमधलं पाणी पिऊ नका, हात-पाय धुवायला ठीक आहे. पण खरी विनंती वेगळीच आहे. तुम्हीही शाळेत डबा नेता. मधल्या सुट्टीत कुणी नाचणीची भाकरी आणतं, कुणी सुक्या बोंबलाची चटणी. शेजारच्यानं नाक मुरडलं की काही मुलं झाकण आडवं धरून खातात. तो डबा सकाळी कुणीतरी भरलेला असतो. झाकण बाजूला ठेवा, आणि विचारलं तर सांगा, आईनं दिलंय.